फाटक्या तुणतुण्याचा आवाज

नमस्कार सगळ्यांला.

मला लिहिता येत न्हाई. सही तेवढी येती, ती बी वाकडी. हे माझी सून रेखा मोबाइलवर लिहायली... मी बोलते, ती लिहिती. तुमच्या ह्या ग्रुपवरचे अनुभव ती रोज वाचती, अन् दुपारची भांडी झाली की मला बी वाचून दाखवती. मी हसायचे. म्हणायचे, ह्या लोकांला कामधंदा न्हाई गं, रिकामपणी भुतं दिसायलीत.

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली न्हाई. गळ्यात माहूरच्या आईची माळ हाय, जिंदगी आराध्यांच्या मेळ्यात देवीची गाणी म्हणण्यात गेली, तरी बी न्हाई. अंगात येणाऱ्या बाया मी लई जवळून बघितल्या. आमच्या मेळ्यात एक व्हती, तिच्या अंगात यायचं ते बरोबर पंगत बसायच्या टायमाला. पुरणपोळी पानात पडली की लगेच उतरायचं. अन् नवरा काविळीनं गेला तवा माझा माधव अंगावर पीत व्हता. सकाळी मढं उचललं, सांच्याला लेकराला काय पाजू म्हणून बसले, अंगावर दूध न्हाई. सुतक फिटायच्या आधी लोकाच्या रानात खुरपायला गेले. असल्या बाईला भूत काय भिववणार?

पण आता भिले. ह्या वयात भिले.

आमचं गाव मुखेड तालुक्यात. नाव नका लिहू, असं माधव म्हणला. मुखेडहून जीपनं यायचं, फाट्यावर उतरायचं, तिथून चालत. गावाच्या वरल्या अंगाला, मारुतीच्या देवळामागं आमचं घर. आधी मातीचं व्हतं, वर माळवद. मागल्या वर्षी घरकुल मंजूर झालं, तवा ते पाडून त्याच जागेवर तीन खोल्या बांधल्या — इटाच्या भिंती, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. माधव जीप चालवतो, मुखेड ते नांदेड. घरात आम्ही चौघं. मी, माधव, रेखा, अन् त्यांचं लेकरू ओमकार. आम्ही ओम्या म्हणतो. तवा ते नुकतंच रांगायला लागलं व्हतं.

आता तुणतुण्याचं सांगते. शहरातल्या लेकरांनी बघितलं नसल. हातभर लाकडाचं खोड, आतून कोरून पोकळ केलेलं. खालच्या तोंडाला बकऱ्याचं चामडं ताणून बसवतात. चामड्याच्या मधातून एकच तार निघती, पोकळीतून वर येती, अन् कडंच्या बांबूच्या दांडीला खुंटी असती तिला गुंडाळती. काखेत दाबायचं अन् काडीनं छेडायचं. बस. माझं तुणतुणं सासूचं. शिवणीच्या लाकडाचं, हात लागून लागून काळं झालेलं.

सासूनंच मला शिकवलं. शिकवलं जेवढं तेवढंच मारलं बी. पहिल्या दिवशी तिनं तुणतुणं हातात दिलंच न्हाई. एक निस्ती तार घेतली, एक टोक दाराच्या कडीला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं. म्हणली, ताण. मी ताणली. तिनं छेडली. काहीच न्हाई — माशी घोंगावावी एवढं. मग कडीची गाठ सोडली अन् रिकाम्या घागरीच्या गळ्याला बांधली, घागर मांडीत धरली, म्हणली, आता ताण. छेडली, तर माय... ओसरीवर झोपलेला सासरा उठून बसला.

"बघितलंस?" म्हणली, "तार निस्ती थरथरती. बोलतं ते पोट. पोट न्हाई तर तार मुकी."

मग घागरीत पाणी वतत गेली अन् छेडत गेली. जसं पाणी भरलं तसा आवाज बदलत गेला, बसत गेला. घागर काठोकाठ भरली तवा गपच. हसली अन् म्हणली, "पोट भरलं की बोलणं बंद. भरल्या पोटाचं माणूस कधी वराडताना बघितलंस का?"

हे ध्यानात ठेवा. पुढं कामाला येणार हाय.

सासूचा उजवा हात लहानपणी मोडून वाकडा बसला व्हता. त्याच्यानं तिचं वाजवणं लंगडं. टुंग, टुंग... अन् मधातच एक ठोका गिळायची. सगळ्या मुलखात तिची चाल लोक वळखायचे. ती गेली तवा रीतीपरमानं खुंटी ढिली केली, तार लोंबती सोडली. आमच्यात तसंच करतात. वाजवणारं माणूस गेलं की तार ढिली. दुसऱ्या कोणी हातात घेऊन ताणली तरच ते पुन्हा त्याचं. मग मी ताणली. तवापासून ते माझं.

लई वर्षं वाजवलं. मेळ्यात माझ्या शेजारी काशी बसायची, संबळ तिच्याकडं. काशी म्हणजे माझी जोडीदारीण, जिभंनं तिखट. पुढं माझा दम जायला लागला. गाणं उचलायचं अन् मधातच खोकला. एका नवरात्रात मी ठरवलं, बस झालं. घरी आले, खुंटी फिरवली, तार ढिली केली अन् तुणतुणं खिळ्याला अडकवलं. आपलं साधं... ताणून ठिवलं तर दांडी वाकती म्हणून. काशी आली, तिनं बघितलं.

"गये, मेली न्हाईस अजून, अन् तार सोडलीस?"

"मग मेल्यावर कोण सोडील? तू?" मी म्हणलं. "तू तर माझ्या आधी जाशील, पान खाऊन खाऊन."

हसलो दोघी. ती मात्र मधातच हसायची थांबली, एवढं मला आठवतंय.

नवं घर झालं तवा तुणतुणं मधल्या खोलीत अडकवलं. तवर उंदरानं चामडं कुरतडून फाडलं व्हतं, बोट जाईल एवढं. तार तर निस्ती सुतळीवानी लोंबती. म्हणजे बघा — तार ढिली, चामडं फाटलं. असलं तुणतुणं कोणाच्या बापाच्यानं वाजत न्हाई.

आता काय झालं ते.

मागल्या वर्षी पोळा झाला अन् झड लागली. दिवसा बी उजेड न्हाई, निस्ती पत्र्यावर टिपटिप. मधल्या खोलीत पत्र्याच्या लोखंडी पाइपाला ओम्याची झोळी बांधलेली. रेखा पुढच्या खोलीत भाकरी थापायली. मी झोळी हलवत गुणगुणायले. गाणं असं न्हाई, निस्तं नाकातून... हुं हुं. आवाज खाली उतरवला, अन् एका जागंवर मला वाटलं की कोणीतरी सोबत धरलं. मी थांबले. ते थांबलं न्हाई. जरा वेळ घुमलं, मग इरलं.

मला वाटलं पाण्याची मोटार. पुन्हा गुणगुणले. वरच्या सुराला काही न्हाई. मधल्याला न्हाई. त्या एका खालच्या जागंवर गेले की बरोबर... हूंऽऽऽ.

भिंतीकडं बघितलं तर तुणतुणं थरथरायलं. मी उठून हात लावला. माझ्या बोटाला गुदगुल्या झाल्या, एवढं थरथरायलं. लोंबती तार मात्र जागच्या जागी, हलत बी न्हाई.

"रेखे!" मी हाक मारली.

ती पिठाच्या हातानं आली. "काय झालं आत्या?"

"हात लाव."

तिनं लावला. तवर सगळं गप. "काय हाय?"

"वाजायलं ते."

"मोबाइल व्हायब्रेट झाला असल आत्या, तुमच्या पाठीमागंच तर ठेवलाय." हसतच गेली ती. आता लिहिताना हसंना झाली, बघा.

मी तुणतुणं काढलं, पोत्यात घातलं अन् पोतं पुढच्या खोलीत नेऊन ठिवलं. मन झालं शांत. परत येऊन झोळीपाशी बसले, अन् गुणगुणले बी न्हाई, शप्पत. तोंड मिटून बसले. तर खालून आलं. फरशीतून. कानाला न्हाई आधी, बुडाला जाणवलं. मग टाचेला. मग दातात. अन् आता ते घुमणं न्हवतं, ठोके व्हते. धुंग... धुंग... धुंग... सारखे, सरळ, न थकता. काखेत तुणतुणं धरून कोणीतरी बसलंय अन् गाणं सुरू व्हायची वाट बघत निस्ती तार छेडतंय, तसं.

मेळ्यात गाणं सुरू व्हायच्या आधी मी असंच बसायचे.

तुम्ही म्हणाल, सासू असल. गावातल्या बाया बी पुढं तेच म्हणल्या — सासू राखण करायली तुझी. पण सासूचा हात मी झोपंत बी वळखीन. तिची चाल लंगडी. हे लंगडं न्हवतं. सासू असती तर मी कशाला भिले असते? फार तर म्हणलं असतं, आता मारू नका, म्हातारी झाले मी.

मग ते रोजचंच झालं. झड काही उघडंना. दुपारच्याला घर शांत झालं की सुरू. ओम्याला खाली सोडलं की रांगत रांगत बरोबर झोळीखालच्या फरशीवर जायचा, गाल टेकवायचा अन् गुमान पडून राहायचा. रडणारं, हट्टी लेकरू... अन् असं गप. डोळे उघडे, कान फरशीला. मी वढून काढलं की बोंब मारायचा अन् पुन्हा तिथंच.

एक दिवशी रेखानं त्याच्यासाठी दुधाची वाटी खाली ठिवली. वाटीतल्या दुधावर बारीक बारीक गोल उठले. एकात एक. आम्ही दोघी बघत राहिलो. रेखा म्हणली, "आत्या, हे काय हाय?" मी म्हणलं, "मोबाइल असल तुझा." मला तिची चेष्टा करायची न्हवती. भ्याल्यावर माणूस असंच बोलतं.

मी काशीला बोलावलं. ती छत्री घेऊन आली, पान चघळत. दारातूनच सुरू — "काय गं, नवं घर झालं तर पूजेला बोलवलं न्हाईस, अन् भूत निघालं तवा बोलावतीस व्हय?"

"बस अन् गप ऐक," मी म्हणलं.

ती झोळीजवळ बसली. हात फरशीला लावला. जरा वेळ काही न्हाई. मग सुरू झालं. धुंग... धुंग... धुंग... काशीचं तोंड हलायचं थांबलं. तिची बोटं मांडीवर आपोआप ठेका धरायला लागली, संबळावर धरायची तशी. मग तिनं एकदम हात आवळला. माझ्याकडं बघितलं — असं बघितलं की जसं मी तिरडीवर ठिवलेली हाय.

"काय गं? कोण हाय?"

"मला जाऊ दे गये."

"चहा तर घे..."

थांबली न्हाई. छत्री बी इसरून गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेखाला म्हणलं, झोळी इथून काढ. पुढच्या खोलीत बांध.

"तिकडं चुलीचा धूर हाय आत्या. दाराचा वारा लागतो. लेकराला कालच शिंका आल्या."

"काढ म्हणते ना."

"तुमचं आपलं रोज नवीन. उद्या म्हणाल घरच सोडा."

"सोडू. पण आधी झोळी काढ."

रागानं काढली तिनं. भांडी आपटली. माझ्याशी बोलंना. झोळी पुढच्या खोलीत गेली, ओम्या झोपला. मी त्याच्या उशाला बसले. खालून आवाज येतच व्हता, पण आता जोरात. वाटलं, लांब गेलो म्हणून हाका मारायलाय का काय. पिठाचा डबा वाजायला लागला. भिंतीवरचा आरसा वाजायला लागला. रेखा रुसवा इसरून माझ्याजवळ येऊन चिटकली. आम्ही सासू-सुना एकमेकीचा हात धरून... लगीन झाल्यापासून पहिल्यांदाच असल.

अन् एकदम खामोश.

पाऊस सुद्धा थांबल्यासारखं वाटलं. मग मधल्या खोलीत कोणीतरी लई मोठा ढेकर द्यावा तसा आवाज झाला. फरशा खाली गेल्या. झोळी बांधलेल्या पाइपाच्या बरोबर खाली, बैलाचं तोंड जाईल एवढं भोक. त्यातून गरम वाफ आली, जुन्या कुबट ज्वारीच्या वासाची. रेखा ओम्याला उचलून पावसात पळाली. मी तिथंच. भोकाकडं बघत.

माधवला फोन केला, तो जीप तशीच घेऊन आला. जमलं सगळं गाव. पेव निघालं. पेव म्हणजे जुन्या काळी जमिनीत खणून ज्वारी ठेवायचे ते कोठार — तोंड बारीक, पोट लई मोठं, घागरीवानी. त्यात वाईट हवा कोंडती, माणूस उतरलं की मरतं. माधवनं दोरीनं कंदील सोडला, मधातच इझला. मग मोबाइलची बत्ती बांधून सोडली. आत काही न्हाई. भिंती सारवलेल्या, गुळगुळीत. तळाला मूठभर काळी ज्वारी. हाड न्हाई, मडकं न्हाई, काही न्हाई.

आमच्या घरात पेव व्हतं हे कोणाला मालूम न्हाई. गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस काठी टेकत आलं, भोकात वाकून बघितलं अन् मला म्हणलं, "गयाबाई, तुझ्या सासऱ्याच्या घरी रोज उसनवारी. त्याच्याजवळ पेव भरायला ज्वारी कुठली?" लोक हसले. मी बी हसले. खरंच हाय ते.

माधवनं भोकापाशी तोंड नेलं अन् हूंऽऽ केलं, खालच्या आवाजात. पेव घुमलं. त्याच आवाजात. मी मागं सरले, पण माधव खुश.

"माय, ऐक. माझी जीप एका ठरावीक स्पीडला गेली की पुढचा पत्रा थरथरतो. जरा जास्त पळवली की गप. प्रत्येक पोकळ गोष्टीचा आपला एक आवाज असतो, तोच दिला की ती उत्तर देती. तू गुणगुणत व्हतीस, हे पोट उत्तर द्यायलं. तुणतुणं बी त्याच्यानंच थरथरलं. भूत-बीत काही न्हाई."

मला पटलं. सासूनं हेच तर शिकवलं व्हतं घागर घेऊन. पण मी इचारलं, "अन् मी गप असताना?"

"झडीचं पाणी आत ठिबकत असल."

"तळ तर कोरडा हाय माधव. ज्वारी कोरडी हाय."

तो म्हणला, आधी बुजवू.

ट्रॅक्टरनं मुरूम आणून पेव गच्च भरलं, पाणी मारून ठोकून ठोकून. वर गिट्टी-सिमेंट, वर नवी फरशी. पोट भरलं, आवाज बंद. मी कान लावून बघितलं, टाच लावून बघितलं. दगड झाला व्हता त्याचा. तुणतुणं माधवनं लाल कपड्यात बांधलं, नारळ ठिवला अन् नांदेडला गेल्यावर गोदावरीत सोडून आला. मी त्याच्यासोबत गेले न्हाई. पण त्या सांच्याला पहिल्यांदा पोटभर जेवले.

लोक म्हणले, माहूरच्या आईनं लेकरू वाचवलं. वटी भरायला आल्या बाया. मी बी म्हणलं, व्हय, आईची कृपा. इथं संपलं असतं तर मी हे सांगायला बसलेच नसते.

दिवाळीच्या बाजारात मुखेडला काशी भेटली. तिची छत्री मी सोबत नेली व्हती, दिली. घेतली, पण माझ्या हाताला हात लागू दिला न्हाई. मी म्हणलं, "आता तरी सांग. सासू न्हवती ना?"

"सासू न्हवती."

"मग कोणाचा हात व्हता?"

काशी खाली बघत म्हणली, "गये... जिंदगीभर मी तुझ्या शेजारी बसून संबळ वाजवला. तुझा हात मला वळखू येणार न्हाई का?"

मला आधी समजलंच न्हाई. समजलं तवा मी वराडले तिच्यावर — "मी तर तुझ्यासमोर बसले व्हते काशे! दोन्ही हात मांडीवर व्हते!"

"म्हणूनच पळाले," ती म्हणली.

जीपमधी बसून इचार केला. रेखानं एकदा माझं गाणं मोबाइलमधी भरून मला ऐकवलं व्हतं. मी इचारलं, ही कोण म्हातारी? सगळे हसले. आपला आवाज आपल्याला बाहेरून वळखू येत न्हाई. सासूचा हात वळखला असता, काशीचा वळखला असता. माझाच तेवढा मला मालूम न्हाई. जितंपणी मी खुंटी फिरवली... पण ह्याचा त्याच्याशी काय संबंध, ते मी सांगू शकत न्हाई. कोणालाच सांगता येणार न्हाई.

पुढचं थोडंच हाय.

थंडीत एकदा ओम्याला मांडीवर घेऊन उन्हाला बसले व्हते. खेळत व्हता, माझ्या माळंचे मणी वढत व्हता. मधातच थांबला. माझ्या छातीवर गाल टेकवला, कान लावला अन् गुमान पडून राहिला. डोळे उघडे. जसा फरशीवर पडून राहायचा... तसाच. बिलकुल तसाच.

मी दम धरून बसले. मला काही ऐकू येईना. जाणवलं मात्र. दातात.

रेखाला हाक मारली, म्हणलं, कान लाव. तिनं लावला. बराच वेळ लावला. मग ओम्याला माझ्या मांडीवरनं उचललं, अन् आत गेली.

माधवनं नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगला व्हता, पोरसवदा, आजी आजी करणारा. नळी लावली छातीला. इथं लावली, तिथं लावली, पाठीला लावली. कपाळाला आठी घालून म्हणला, "आजी, गुणगुणू नका. जरा शांत बसा."

मी म्हणलं, "साहेब, मी गपच हाय."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. पुन्हा नळी लावली. मग कानातून काढून नळीच झटकून बघितली. छातीची पट्टी काढली, मशीनवर झोपवलं, फोटो काढले. सगळं नॉर्मल. वयाच्या मानानं लई चांगलं हाय म्हणला. गोळ्या सुद्धा दिल्या न्हाईत. निघताना माधव बाहेर गेला तवा हळूच इचारलं त्यानं, "आजी, तुम्ही काही वाजवता का?"

मी न्हाई म्हणले. खोटं न्हवतं ते.

आता हे बघा. मला मरणाची भीती न्हाई. खूप जगले. भीती दुसरी हाय. जिथं तो आवाज घुमला ती जमीन पोकळ निघाली, अन् लेकराखालून खचली. झोळी काढली म्हणून वाचला. आता तो आवाज माझ्यात हाय, अन् लेकरू तसंच कान लावून पडायलं. तो आवाज त्याला सावध करायला आला व्हता का बोलवायला, हे मला तवा बी समजलं न्हाई, आता बी न्हाई. माधवला इचारलं तर तो जीप पुसायला जातो.

म्हणून मी ओम्याला घेणं सोडलं. तो दोन्ही हात वर करतो, आजी आजी करतो, मी चुलीकडं निघून जाते. तिथं बी ऐकू येतो त्याचा रडका आवाज. नवरा गेला तवा एवढं जड गेलं न्हाई, खरं सांगते. तवा लेकरू तरी छातीला व्हतं.

जिंदगीत कोणापुढं पदर पसरला न्हाई, आज तुमच्यापुढं पसरते. तुमच्यात शिकलेले लई हायेत, देवाचं करणारे बी असतील. कोणाला काही मालूम असल तर लिहा... ह्या लेकराला मी छातीशी धरू का नको?

रेखा म्हणायली, "आत्या, कोणी 'नको' लिहिलं तर मी ते तुम्हाला वाचून दाखवणार न्हाई."